टाक्यांची जाळी आणि अवकाशातील छत्री
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून एखाद्या विद्वान गृहस्थाचे व्याख्यान होत असते. यंदा चिटणिसांनी ते काम आमच्यावर सोपविले आहे. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले. ३६ वर्षे प्राथमिक शाळेत मुलांस पाढे आणि शुद्धलेखन शिकवून निवृत्त झालो. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. परंतु गेल्या काही महिन्यांत एक विषय आमच्या वाचनात आला आणि त्याने आम्हांस अस्वस्थ केले. तो विषय आपल्या कोष्टी समाजाच्या घरातीलच आहे, आणि त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचाही भाग आहे. म्हणून तो आपणांपुढे मांडण्याचे आम्ही ठरविले.

विषय असा की, विणलेल्या कापडापासून घडी घालून नेता येतील आणि जागेवर गेल्यावर उलगडतील अशा हलक्या रचना कशा करतात. आपली छत्री हे अशा रचनेचे ओळखीचे उदाहरण होय. काखेत मावते, आणि पावसात डोक्यावर लहानसे छप्पर उभे करते. अशीच छत्री अवकाशात नेऊन उघडावयाची असेल तर तिचे कापड कोणते असावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मोठमोठे शास्त्रज्ञ अखेर सुईच्या टाक्यापाशी येऊन पोहोचले.

आमच्या लहानपणी घरच्या सोप्यात दोन हातमाग होते. वडील आणि थोरले काका मागावर बसत, मातोश्री रहाटावर कांड्या भरीत, आणि शाळेतून आल्यावर तुटलेले धागे सांधण्याचे काम आमच्याकडे असे. धोट्याचा आवाज थांबला की घरात कोणी आजारी आहे असे शेजारी समजत. वडिलांची बोटे डोळे मिटूनही सुताचा नंबर ओळखीत. पुढे यंत्रमागांपुढे हातमागांचा टिकाव लागला नाही. एक माग थोरल्या बहिणीच्या लग्नात विकला गेला, दुसरा पावसाळ्यात सरपणास लागला. आम्ही शिक्षक झालो तेव्हा वडिलांस आनंद झाला आणि आम्हांस सुटल्यासारखे वाटले. सुताची आम्हांस लाज वाटत होती, हे आज स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण पुढील हकीकत त्यावाचून समजणार नाही.

आमच्या वर्गात आपल्याच ज्ञातीतला एक मुलगा होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. गणितात तो मागे पडे. परंतु मोडकी छत्री, अडलेले कुलूप, शाळेच्या घंटेची तुटलेली दोरी ही कामे त्याच्याकडे जात. एके दिवशी बाकाखाली हात लपवून तो बोटांवर सुताची जाळी विणीत असता आम्ही त्यास पकडले. भर वर्गात आम्ही म्हणालो, “अरे, अभ्यास होत नसेल तर जा, मागावर बस. तुझं नशीब तिथंच आहे.” मुले हसली. सातवीची परीक्षा झाल्यावर तो शाळेत पुन्हा दिसला नाही. आम्हीही त्यास विसरून गेलो.

गतवर्षी मार्गशीर्षात एका लग्नात एका मध्यमवयीन गृहस्थाने वाकून नमस्कार केला. “गुरुजी, ओळखलंत का?” तो हाच मुलगा. तमिळनाडूतील तिरुप्पूर गावी बनियनचे कापड विणणाऱ्या यंत्रांवर तो आज मुख्य कारागीर आहे. त्याच्यासमवेत त्याची मुलगी होती. ती वस्त्र-अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास आहे. पंगत उठेपर्यंत त्या मुलीने आम्हांस जे समजावून सांगितले, तेच आज आपणांस सांगत आहोत. त्यानंतर नातवाच्या साहाय्याने आम्ही जे वाचले, तेही त्यास जोडले आहे.

आपल्या मराठी भाषेत मागावर कापड करणे यास विणणे म्हणतात, आणि दोन सुयांवर स्वेटर करणे यासही विणणेच म्हणतात. शब्द एक असला तरी क्रिया दोन आहेत. हा भेद ध्यानात यावा म्हणून आपण सर्वांनी एक लहानसा प्रयोग करावा. खिशातील रुमाल काढा आणि काठाच्या दिशेने ताणा. तो ताणला जात नाही. आता तोच कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरका ताणा. थोडा ताणला जाईल, पण मध्ये लगेच चुणी पडेल. आता पायातील मोजा किंवा अंगातील बनियनची कड ताणून पाहा. ती कोणत्याही दिशेने ताणली जाते आणि सोडताच पूर्ववत होते.

याचे कारण धाग्याच्या वाटेत आहे. मागावरच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा सरळ रेषेत जातात व एकमेकांस काटकोनात छेदतात. सरळ धागा ओढला तर त्यास लांब होण्यास वाव नसतो. सुईच्या विणकामात धागा सरळ जातच नाही. तो वळून फास करतो, त्या फासातून पुढचा फास निघतो, त्यातून त्याच्या पुढचा. कापड ओढले म्हणजे धागा लांब होत नाही, फासाचा आकार बदलतो. गोल असतो तो लांबट होतो. सूत जराही ताणले न जाता कापड ताणले जाते. भगिनीवर्गास ठाऊकच आहे की, सुलट टाका, उलट टाका, टाके वाढविणे आणि घटविणे एवढ्या चार गोष्टींतून टोपीची गोलाई आणि मोज्याची टाच होते. कात्री लावावी लागत नाही. मागावरचे कापड उपड्या कढईवर ताणून बसवावयाचे म्हटले तर एक तर चुण्या पडतील, नाही तर कापून शिवावे लागेल. टाक्यांचे कापड मात्र कढईवर जसेच्या तसे बसते.

हे काम यंत्राने करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात विल्यम ली नावाच्या गृहस्थाने १५८९ साली पायमोजे विणण्याचे यंत्र केले. राणी एलिझाबेथने त्यास सनद नाकारली. हाताने विणणाऱ्या गोरगरिबांची भाकर जाईल अशी भीती तिने बोलून दाखविली, अशी कथा सांगतात. ती भीती आपल्या समाजास निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता अवकाशाकडे वळू. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहास क्षीण लहरी पकडावयाच्या असतात किंवा दूरवर पाठवावयाच्या असतात. त्यासाठी त्यास वाटीसारखी खोलगट तबकडी लागते. तबकडी जितकी मोठी तितके काम चांगले. परंतु अग्निबाणाच्या ज्या टोपणाखाली उपग्रह ठेवतात, त्याची रुंदी चार-पाच मीटरच्या आसपास असते. दहा-बारा मीटरची अखंड पत्र्याची तबकडी त्यात जाणार कशी? आणि गेली तरी तिचे वजन कोण उचलणार? तेव्हा ती घडी घालूनच नेली पाहिजे आणि वर गेल्यावर मनुष्याच्या हाताशिवाय उघडली पाहिजे.

येथे एक गोष्ट सोयीची आहे. या लहरी वीतभर, हातभर लांबीच्या असतात. जाळीची भोके त्यांच्या लांबीच्या मानाने बारीक असली, तर लहरींस ती जाळी अखंड भिंतीसारखीच वाटते व त्या परत फिरतात. म्हणून पत्र्याऐवजी जाळी चालते, वजन वाचते, आणि सूर्यप्रकाशही आरपार जातो.

याचा लाभ आपल्या देशास फार पूर्वी झाला आहे. अमेरिकेने ३० मे १९७४ रोजी ‘एटीएस-६’ नावाचा उपग्रह सोडला. त्याची तबकडी सुमारे ९ मीटर व्यासाची होती. अ‍ॅल्युमिनियमच्या ४८ लवचीक काड्या मध्यभागी गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि त्यांवर तांब्याचा लेप दिलेल्या डेक्रॉन धाग्याची जाळी होती. वर गेल्यावर काड्या सुटल्या आणि तबकडी उघडली. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत याच उपग्रहाने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचविले. हजारो प्राथमिक शिक्षकांस त्यातून विज्ञानाचे प्रशिक्षण मिळाले. आपला महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. त्या खेड्यांतून लहरी पकडण्यासाठी सुमारे तीन मीटरच्या ज्या तबकड्या बसविल्या होत्या, त्या कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या होत्या. वर धाग्याची जाळी, खाली खुराड्याची जाळी, आणि मध्ये ३६,००० किलोमीटरचे अंतर!

तथापि जाळी म्हटली की काम संपले असे नाही. मागावर तारेची जाळी विणली तर तिची अडचण रुमालासारखीच होते. खोलगट आकारावर चुण्या पडतात. घडी घातली तर तारेस कायमची मोड बसते, आणि ती मोड उलगडल्यावरही जात नाही. म्हणून आज अशा मोठ्या तबकड्यांसाठी जी जाळी वापरतात ती टाक्यांनी विणलेली असते. तार मॉलिब्डेनम धातूची, वर सोन्याचा मुलामा. जाडी मिलिमीटरच्या तिसाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. मॉलिब्डेनम अशासाठी की ती इतकी बारीक असूनही बळकट राहते आणि उष्णतेने फार थोडी प्रसरण पावते; वर क्षणात कडक ऊन आणि क्षणात गडद सावली असते. सोने अशासाठी की त्यास गंज चढत नाही आणि त्यातून वीज सहज वाहते. प्रत्येक टाक्यात तार शेजारच्या तारेस नुसती टेकलेली असते. त्या टेकण्याच्या जागी मळ किंवा गंज असेल तर लहरी नीट परतणार नाहीत.

येथे कोणी विचारील, की स्वेटरचे एक टोक ओढले म्हणजे ओळीच्या ओळी उसवतात. मग अवकाशात एक तार तुटली तर? या प्रश्नाच्या उत्तराने आम्हांस विशेष आनंद झाला. ही जाळी स्वेटरसारखी एका धाग्याची नसते. तिच्या यंत्रात मागाप्रमाणेच ताणा गुंडाळलेली तुळई असते. प्रत्येक सुईस आपला स्वतंत्र धागा मिळतो. तो एका ओळीत या सुईवर टाका घालतो, पुढच्या ओळीत शेजारच्या सुईवर जातो, पुन्हा परत येतो. असे नागमोडी चालत सर्व धागे शेजाऱ्यांत गुंतून राहतात. त्यामुळे एक तार तुटली तरी सारी जाळी उसवत नाही. कारखान्यात या प्रकारास ‘ट्रायकॉट’ म्हणतात. आपल्या घरातील नायलॉनची मच्छरदाणी पुष्कळदा याच कुळातील असते. म्हणजे आमच्या वडिलांचा ताणा आणि आमच्या मातोश्रींची सुई ही दोन्ही या यंत्रात एकत्र नांदतात.

आता ही मऊ जाळी वाटीच्या आकारात कशी राहते ते सांगतो. प्रचारात असलेल्या एका चांगल्या पद्धतीत कडेला दांड्यांचे एक वर्तुळाकार कडे असते. घडीच्या वेळी सर्व दांड्या एकमेकींस चिकटून उसाच्या मोळीसारख्या उभ्या राहतात. तिरप्या दांड्यांतून एक दोर ओवलेला असतो. यंत्राने तो दोर गुंडाळला की मोळी सुटते आणि कडे पसरत जाते. पिशवीची नाडी ओढली की तोंड मिटते. येथे नाडी ओढल्याने तोंड उघडते. या कड्यात पट्ट्यांची दोन मोठी जाळी बसविलेली असतात, दोन वाट्या पाठीस पाठ लावून ठेवाव्यात तशी. दोन्हींस जोडणारे आखूड बंध त्यांस एकमेकींकडे खेचून धरतात, आणि त्या खेचण्यातूनच खोलगटपणा येतो. पट्ट्यांचे घर त्रिकोणी असते. अशा लहान लहान त्रिकोणांवर सोनेरी जाळी ताणून बसवितात. प्रत्येक त्रिकोण जवळजवळ सपाट असतो. पण अनेक सपाट तुकडे मिळून वाटीचा आकार साधतो, जसा आपण मुलांस लहान लहान सरळ रेषांनी वर्तुळ काढावयास शिकवितो.

या सर्वांत नाजूक गोष्ट कोणती असेल, तर ती जाळीचा ताण. ताण कमी पडला तर जाळी लोंबते आणि टाक्यांतील तारा एकमेकींस नीट टेकत नाहीत. ताण अधिक झाला तर ती पट्ट्यांसच ओढून त्यांचा आकार बिघडविते. टाक्यांची जाळी थोड्या ताणावरही सपाट राहते व सर्व दिशांना सारखी ओढ देते, म्हणून तिची निवड झाली. मागावर ताणा बसविताना आमचे वडील हाताच्या उपड्या बोटांनी तो चाचपून पाहत आणि एखादी बाजू सैल वाटली की पुन्हा बांधीत. तेव्हा आम्हांस त्या दिरंगाईचा राग येई. आज इंजिनिअर लोक त्याच गोष्टीसाठी महिनेच्या महिने गणिते करतात.

उघडण्याच्या कामात अपयशही येते, आणि ते शिकण्यासारखे असते. गुरू ग्रहाकडे पाठविलेले ‘गॅलिलिओ’ हे अमेरिकेचे यान १८ ऑक्टोबर १९८९ रोजी निघाले. त्यावर छत्रीसारखी मिटणारी ४.८ मीटरची जाळीची तबकडी होती. तिला १८ काड्या होत्या. ११ एप्रिल १९९१ रोजी ती उघडण्याची आज्ञा दिली गेली. काही काड्या मधल्या दांड्यास अडकून राहिल्या आणि छत्री अर्धवट, वाकडी उघडली. त्यापूर्वी १९८६ साली ‘चॅलेंजर’ यानाचा अपघात झाल्यामुळे ‘गॅलिलिओ’चे प्रयाण लांबले होते. त्या काळात त्यास मालमोटारीतून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्या-आणण्याच्या फेऱ्या घडल्या. त्या हादऱ्यांत काड्यांच्या टेकूंवरील वंगण झिजले असावे, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. छत्री पुढे कधीच उघडली नाही. परंतु लोकांनी धीर सोडला नाही. यानावरच्या दुसऱ्या लहान तबकडीतून, माहिती आटोपशीर करून, संथपणे पाठविण्याची व्यवस्था त्यांनी केली. डिसेंबर १९९५ मध्ये यान गुरूपाशी पोहोचले आणि २००३ पर्यंत काम करीत राहिले. जाळीचा दोष नव्हता; घडी उलगडण्याच्या वाटेतील एका अदृश्य झिजेचा होता.

आता अलीकडची गोष्ट. आपली ‘इस्रो’ आणि अमेरिकेची ‘नासा’ या दोन संस्थांनी मिळून ‘निसार’ नावाचा उपग्रह केला. ३० जुलै २०२५ रोजी तो श्रीहरिकोट्याहून आपल्याच अग्निबाणाने वर गेला. त्याची तबकडी १२ मीटर व्यासाची आहे. घरातील भाषेत सांगावयाचे तर सुमारे १,२०० चौरस फूट, म्हणजे तीन खोल्यांच्या ऐसपैस घराएवढी. कड्यात १२३ दांड्या, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची जाळी, आणि सगळ्याचे वजन अवघे ६४ किलो. एका प्रौढ माणसाइतके. ९ ऑगस्टपासून चार दिवस तिचा ९ मीटरचा बाहू एकेक सांधा उघडीत पसरला. मग १५ ऑगस्टच्या दिवशी बंध सोडण्यात आले. घडीत दबून राहिलेली ओढ मोकळी झाली, तबकडी फुलासारखी उमलू लागली, आणि उरलेले काम दोरांनी व यंत्रांनी पुरे केले. ७४७ किलोमीटर उंचीवरून हा उपग्रह दर १२ दिवसांत दोनदा पृथ्वीची जवळजवळ सर्व जमीन आणि बर्फ तपासू शकेल, अशी त्याची योजना आहे. जमीन काही सेंटिमीटर खचली किंवा सरकली तरी त्यास कळते. भूकंप, दरडी, हिमनद्या, शेतातील ओल, पिके या सर्वांचा अभ्यास त्यातून व्हावयाचा आहे.

पृथ्वीवरही असेच एक नवल २०१८ साली मेक्सिको शहरात घडले. झुरिक येथील तंत्रविद्यापीठातील संशोधक आणि झाहा हदीद यांच्या नावाची वास्तुसंस्था यांनी तेथील एका संग्रहालयात सुमारे चार मीटर उंचीचे, कमळाच्या पाकळीप्रमाणे वळलेले काँक्रीटचे कवच उभे केले. मेक्सिकोत फेलिक्स कांदेला नावाचे थोर स्थापत्यकार होऊन गेले. त्यांनी १९५८ साली सोचिमिल्को येथे अशाच पातळ पाकळ्यांचे उपाहारगृह बांधले होते. त्यांच्या स्मरणार्थ ही रचना होती. असे वक्र काँक्रीट ओतावयाचे म्हणजे खाली तितक्याच वक्र लाकडी फळ्यांचा साचा लागतो, आणि काम झाल्यावर ते लाकूड पुष्कळसे वाया जाते. या मंडळींनी साचाच विणला. यंत्रावर ३६ तासांत चार लांब पट्ट्या तयार झाल्या. वजन सुमारे २५ किलो. प्रवासी नेतात तसल्या दोन बॅगांत घालून त्या विमानाने मेक्सिकोस नेल्या. तेथे चौकटीत दोरांच्या साहाय्याने त्या ताणल्या. कापड दुहेरी होते. दोन पदरांमधील कप्प्यांत फुगे भरून हवे तेथे पोकळी ठेवली, म्हणजे काँक्रीट कमी लागावे. त्यावर सिमेंटचा पातळ लेप देऊन ते कडक केले आणि मग हाताने काँक्रीट चढविले. दोरांसह ५५ किलोच्या त्या साच्याने पाच टनांहून अधिक काँक्रीट तोलून धरले. दोरांसाठी वाटा आणि फुग्यांसाठी कप्पे विणतानाच ठेवलेले होते. आपण स्वेटरला खिसा आणि काजे विणतानाच ठेवतो, तसेच ते होते.

बंधुभगिनींनो, एवढे सर्व सांगण्याचा हेतू आता सांगतो. आपल्या पूर्वजांनी उपग्रह केले होते, असा अभिमान आम्हांस मिरवावयाचा नाही. तसे बोलणे खोटे होईल. ही विद्या ज्यांनी वाढविली त्यांनी धातू, गणित, उष्णता, यंत्रे यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या सुतास आम्ही अडाण्यांचे काम समजलो, त्याच सुताचा स्वभाव त्या लोकांनी आदराने तपासला. धागा कोठे वळतो, कोठे टेकतो, किती ताण सोसतो, हे पाहण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. आपण मात्र कमीपणा मानून ते घराबाहेर टाकले.

आता ज्या चुकीचा उल्लेख आरंभी केला ती सांगितली पाहिजे. आम्ही आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीचे सभासद आहोत. गतवर्षी जुलै महिन्यात समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला होता. बारावीस गुण चांगले होते. विषय वस्त्र-अभियांत्रिकी. वैद्यकी आणि संगणकाचे अर्ज पुष्कळ, पैसे थोडे. आम्ही त्या अर्जावर ‘प्राधान्य नाही’ असा शेरा स्वतःच्या हाताने लिहिला. मनात म्हणालो, पुन्हा सूतच धरावयाचे तर शिष्यवृत्ती कशास? अर्ज मागे राहिला. त्या मुलीच्या वडिलांनी कर्ज काढून तिला पाठविले.

लग्नात आम्हांस टाक्यांची जाळी समजावून सांगणारी मुलगी तीच, हे निघताना तिचे नाव विचारले तेव्हा आमच्या ध्यानात आले. बापास भर वर्गात जे बोललो, तेच वीस-पंचवीस वर्षांनी लेकीच्या अर्जावर लिहिले होते. आम्ही त्या दोघांस तेथेच सर्व सांगितले. तो म्हणाला, “गुरुजी, माग काय नि मशीन काय, हात धाग्यातच राहिला. माझं वाईट नाही झालं. पण पोरीनं मी चालवतो ती मशीन चालवू नये, काढावी, एवढंच मनात आहे.” मुलगी काही बोलली नाही. तिने पिशवीतून विणलेल्या जाळीचा एक लहान तुकडा काढून आमच्या हाती ठेवला. तो आज येथे आणला आहे. सभा संपल्यावर सर्वांनी तो ताणून पाहावा.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना आहे. शिष्यवृत्तीच्या नियमांत वस्त्रविद्येस अन्य अभियांत्रिकीच्या बरोबरीचे स्थान द्यावे. इचलकरंजीस आणि मुंबईस हा विषय शिकविणाऱ्या संस्था आहेत. आपली मुले आणि मुली तेथे गेली तर त्यांस ओशाळे वाटू नये. मागे राहिलेला तो अर्ज समितीने पुन्हा विचारात घ्यावा. त्या बैठकीत आम्ही मत देणार नाही, कारण आमचे मत एकदा चुकले आहे. या कामासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून ११,००१ रुपये आम्ही आज अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करीत आहोत. आणखी एक विनंती: ज्यांच्या माळ्यावर जुना धोटा, फणी, रहाट पडून असेल त्यांनी ते जाळू नये. मंडळाच्या खोलीत आणून द्यावे आणि ते कसे चालते ते सांगू शकणारे वडील माणूस असेल तर त्यांसही घेऊन यावे. आमच्या घरचा माग सरपणात गेला. तो आता दाखविता येत नाही.